सत्ताविसावा प्रश्न

आजरा
२७ जून १९९९

चि. रक्षितास,
मामाचे अनेक आशीर्वाद.

तुझी कॉम्प्युटरची पेटी पोचली. जीपमधून उतरवायला चार माणसं लागली आणि बघायला चाळीस. दवाखान्यात बाकावर बसलेले पेशंट आपापला ताप विसरून दाराशी गोळा झाले. तुझ्या मामीनं पडद्याला विभूती लावली, ती पुसताना दीक्षाची अर्धी दुपार गेली. दीक्षा म्हणजे दीक्षा कांबळे, माझी नवी नर्स. पोरगी हुशार आहे, यंत्राला भीत नाही. मी मात्र अजून त्याच्याशी बोललेलो नाही.

तू सांगितलंस ते मला कळलं ते असं: कोल्हापूरच्या जुन्या जाणत्या डॉक्टरांना भेटून तू तापाचे दीडशे नियम गोळा केलेस आणि या पेटीत भरलेस. आता पेटी आम्हाला प्रश्न विचारणार, आम्ही उत्तरं द्यायची आणि ती सांगणार की हा मलेरिया, हा टायफॉइड. याला तुम्ही लोक कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणता. बये, एकतीस वर्षं मी आजऱ्यात दवाखाना चालवतोय. नाडी धरली, जीभ बघितली, डोळ्याची पापणी ओढली की घोडं कुठं पेंड खातंय ते मला कळतं. आणि ते कोल्हापूरचे डॉक्टर आजऱ्याला आलेत कधी? आडातच नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार?

तरी बहिणीची लेक म्हणून पेटी ठेवून घेतो. पावसाळाभर. पुढचं पुढं.

तुझा मामा,
रुद्राप्पा

ता. क. पुट्टी, पोरी, मी मामी. तुझी पेटी एकच गोष्ट तीन-तीनदा विचारती. मी तिचं नाव सासू ठेवलंय. आमच्या काजू फोडणाऱ्या बायका येऊन तिला बघून जातात. जेवत जा. — शिवगंगा


कळंबा, कोल्हापूर
६ जुलै १९९९

ती. मामा,
शरणु.

सासू पोचली आणि नांदायला लागली, हे वाचून बरं वाटलं. मामींना सांगा, सासू तीनदा विचारते कारण सुना पहिल्यांदा खरं सांगत नाहीत.

तुमचा राग मला कळतो. पण पेटी तुमच्या जागी बसायला आलेली नाही. तुमच्यासमोर दिवसाला ऐंशी पेशंट येतात. ऐंशीव्याला तपासताना विसाव्याची लक्षणं लक्षात राहत नाहीत, पेटीच्या राहतात. ती चौतीस प्रश्न विचारते. उत्तरं दोनच: होयसाठी १ दाबायचा, नाहीसाठी २. गोंधळाला मी जागाच ठेवली नाही, आणि याचा मला भारी अभिमान आहे. आमच्या कॉलेजातल्या सरांनीही त्याबद्दल पाठ थोपटली.

नियम देणाऱ्यांत मेजर गणपतराव म्हणून एक आहेत. लष्करातून निवृत्त झालेले डॉक्टर, वय एकोणऐंशी. त्यांनी ईशान्येच्या जंगलात असले ताप पाहिलेत की पुस्तकवाल्यांनी नुसती नावं ऐकलेली. तेव्हा आडात पाणी आहे, मामा.

एकच मागणं. उत्तरं खरी भरा. दर पंधरा दिवसांनी फ्लॉपी काढून जोतीराम कंडक्टरकडे द्या. आजरा-कोल्हापूर गाडी त्याचीच असते, तो स्टँडवर मला देईल. पेशंटचं नाव नको, फक्त केस नंबर.

तुमची,
रक्षिता


आजरा
१९ सप्टेंबर १९९९

चि. रक्षिता,

हे पत्र थट्टेचं नाही.

तापाची साथ आहे. ऑगस्टच्या शेवटापासून छत्तीस पेशंट झाले, बहुतेक बायका. डोकं फुटेल असं दुखतं, अंग मोडून येतं, ताप पाच दिवस, सात दिवस, दहा दिवस उतरत नाही. मलेरियासाठी तपासलेल्या रक्ताच्या काचा स्वच्छ आल्या. तुझी पेटी म्हणते टायफॉइड. मीही म्हटलं टायफॉइड. टायफॉइडच्या गोळ्या दिल्या, ताप ढिम्म हलला नाही.

परवा बाळाबाई गेली. तुझ्या मामीच्या शेडमध्ये पंधरा वर्षं काजू फोडायची. अडतीस वर्षांची बाई. शेवटी श्वास लागला, लघवी बंद झाली, आणि कोल्हापूरला नेताना गाडीतच आटोपलं. मामी दोन दिवस जेवली नाही. शेड बंद ठेवलीय.

तिची बहीण अंबूबाई दवाखान्यात आली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "डाक्टर, तुमी बी न्हाय आन् तुमची पेटी बी न्हाय. मग आमी कुणाकडं जायाचं वो?" बाळाबाईचा कागद काढून मी परत वाचला. एकतीस वर्षांत असं झालं नव्हतं.

फ्लॉपी पाठवतोय. तुझ्या त्या आडात काही असेल तर बघ.

मामा

ता. क. बाळाबाईची जागा कुणाला देणार न्हाय मी. गवत कापायला बागेत सगळ्याजणी गेलतो, तवा ती सगळ्यांच्या पुढं होती. — शिवगंगा


कळंबा
२५ सप्टेंबर १९९९

ती. मामा,

बाळाबाईंचं वाचलं. मागच्या दिवाळीत त्यांनीच मला फोडलेल्या काजूची पुरचुंडी दिली होती.

छत्तीसही केसेस मी ओळीनं बघितल्या. पेटीला 'का?' असं विचारलं की ती आपल्या निर्णयाचं कारण छापून देते. ते कागद मी रात्रंदिवस वाचतेय. मामा, एक विचित्र गोष्ट आहे. स्क्रब टायफस नावाचा एक ताप आहे. मेजरसाहेबांनी तो नियम मला दिला होता. झाडाझुडपांत, उंच गवतात एक बारीक किडा असतो, डोळ्यांनाही न दिसणारा. तो चावतो आणि दहा-बारा दिवसांनी असा ताप येतो. तुमच्या बहुतेक पेशंटांची बाकी सगळी लक्षणं त्याच्याशी जुळतात. गवतात काम, लांबलेला ताप, डोकेदुखी, टायफॉइडच्या औषधाला दाद नाही. पेटी प्रत्येक वेळी त्या दारापर्यंत जाते आणि तिथून परत फिरते. कारण प्रश्न क्रमांक सत्तावीस: 'अंगावर काळी खपली आहे का?' छत्तीस पेशंट, छत्तीस वेळा 'नाही'.

किडा चावतो तिथं काळी खपली धरते, हीच त्या तापाची खूण. सगळ्यांनाच ती असते असं नाही, पण एकालाही नसावी? तुम्ही नीट बघितलंत ना?

रक्षिता


आजरा
१ ऑक्टोबर १९९९

चि. रक्षिता,

नीट बघितलंत ना, असं मला विचारणारी तू पहिलीच. असो.

तुझे मेजरसाहेब ईशान्येच्या जंगलात होते, आजऱ्यात नव्हते. इथं काळी खपली नाही अशी बाई दाखव, मी दवाखाना बंद करतो. काजूच्या टरफलात जे तेल असतं ते कातडीला लागलं की भाजल्यासारखं होतं, फोड येतो, मग काळी खपली. आम्ही म्हणतो काजू उतला. हातावर, पायावर, गालावर, सगळ्या गावाच्या अंगावर ते डाग. पहिल्या आठवड्यात दीक्षानं भोळेपणानं सगळ्यांना 'होय' दाबलं असतं तर तुझ्या पेटीनं अख्ख्या आजऱ्याला हा जंगलातला ताप लावला असता. म्हणून मीच तिला सांगितलं, ते काजूचं आहे, सत्ताविसाव्याला डोळे मिटून 'नाही' दाबत जा.

आता पेशंट बेचाळीस झाले. बेचाळिसावी केस जड आहे. बाई, वय त्रेपन्न, ताप आठवा दिवस. प्रयत्न चालू आहेत.

मामी कामात आहे, म्हणून तिच्या ओळी नाहीत.

मामा


आजरा
४ ऑक्टोबर १९९९

रक्षिताताई,
सप्रेम जय भीम.

आपली भेट नाही, पण तुमच्या पेटीपुढं रोज बसते म्हणून ओळख वाटते. डॉक्टरांनी तुम्हाला सांगू नका म्हटलंय. मी सांगतेय. नोकरी गेली तर जाऊ दे.

बेचाळीस नंबरची केस म्हणजे तुमच्या मामी.

आज अकरावा दिवस. ताप एकशे चारच्या खाली येत नाही. कालपासून श्वास लागतोय, मधून मधून भान जातं आणि बाळाबाईला हाक मारतात. बाळाबाईचं असंच सुरू झालं होतं. उद्या सकाळी कोल्हापूरला हलवायचं ठरलंय, पण वाटेत काय होईल याचीच डॉक्टरांना धास्ती. ते जेवत नाहीत. काल पेटीपुढं एकटेच बसले होते आणि मामींची उत्तरं परत परत भरत होते. दर वेळी टायफॉइडच येतंय.

परवाच्या वाऱ्यात तारा पडल्यात, फोन बंद आहेत. म्हणून सकाळच्या गाडीनं जोतीरामभाऊंकडं चिठ्ठी देतेय. ताई, काही सुचत असेल तर कळवा. आमचं डोकं चालायचं थांबलंय.

दीक्षा कांबळे


मध्यवर्ती स्टँड, कोल्हापूर
४ ऑक्टोबर, दुपारी साडेतीन

मामा,

गाडी दहा मिनिटांत सुटतेय, जोतीराम खिडकीशी उभा आहे. माझ्यापासून लपवलंत त्याबद्दल नंतर भांडेन.

काजूचं तेल हाताला लागतं, पायाला लागतं, उडालं तर गालाला लागतं. काखेत कसं लागेल? परकराच्या नाडीखाली, छातीखाली, जांघेत कसं लागेल? मेजरसाहेबांना आत्ताच भेटून आले. ते म्हणाले, हा किडा अंगावर चढतो आणि जिथं कपडा आवळलेला असतो तिथं थांबून चावतो. खपली दुखत नाही, खाजत नाही, म्हणून माणूस सांगत नाही. हातांवरचे डाग सोडून द्या. जिथं तेल पोचूच शकत नाही तिथं बघा.

आणि मामा, एक विचारते, रागवू नका. बेचाळीस पेशंटांपैकी एका तरी बाईचं लुगडं सैल करून कुणी बघितलंय का? तुम्ही लाजेकाजेस्तव बघत नाही, त्या दाखवत नाहीत, हे मला माहीत आहे. मी लहानपणापासून तुमच्या दवाखान्यात खेळलेय. मामींचं तरी बघितलंत?

मेजरसाहेबांचा निरोप शब्दशः: "खपली सापडो न सापडो, वाट बघू नका. डॉक्सीसायक्लिन आत्ता सुरू करा." मी डॉक्टर नाही. ते आहेत, आणि त्यांनी सही केलेली चिठ्ठी सोबत आहे. त्यांची गाडी गावाबाहेर गेलीय, सहाला परत येते, मग तिनं आम्ही दोघं निघतो. तुम्ही आमच्यासाठी थांबू नका.

रक्षिता


आजरा
१६ ऑक्टोबर १९९९

चि. रक्षिता,

तू दहा दिवस इथं होतीस, समोर बसलीस, माझ्या हातचा चहा प्यायलीस, आणि तरी मला हे बोलता आलं नाही. तू काल परत गेलीस. आता लिहितो.

जोतीरामनं त्या संध्याकाळी ड्रायव्हरला सांगून एस.टी. स्टँडला न नेता थेट दवाखान्यासमोर उभी केली आणि हॉर्नवर हात ठेवला तो काढलाच नाही. आतले पॅसेंजर ओरडत होते. त्यानं पत्र माझ्या हातात कोंबलं आणि म्हणाला, "डाक्टर, पोरीच्या डोळ्यांत पाणी हुतं. आदी वाचा, गाडी मी सांभाळतो."

मी वाचलं. 'मामींचं तरी बघितलंत?' या ओळीपाशी मी अडकलो. तीस वर्षांचा संसार, अकरा दिवस ती तापात, मी दिवसातून दहा वेळा नाडी धरली, जीभ बघितली, पापणी ओढली. बायकोला मी पेशंटासारखं तपासलं, आणि पेशंट बायकांना जसं अर्धवट तपासतो तसंच तपासलं. दीक्षाला हाक मारली. तिनं दिवा जवळ धरला, मी परकराची नाडी सोडली. उजव्या बाजूला, नाडीच्या वळाखाली, बोराच्या बीएवढी काळी खपली. भोवती लाल कडं. मी बोट लावलं तर ती गुंगीत म्हणाली, "काजू उतलाय हो, ऱ्हाऊ द्या."

बये, मी तिथंच रडलो. दीक्षा रडली नाही. ती म्हणाली, "सर, गोळी." ती गोळी माझ्याच कपाटात होती, दुसऱ्या फळीवर, मुरुमांच्या औषधांशेजारी. महिनाभर तिथंच होती.

पुढचं, मेजरसाहेबांनी कोल्हापूरला हलवणं थांबवलं तेही, तू बघितलंस. पण तू मेजरसाहेबांना पोचवायला कोल्हापूरला गेलीस त्या सकाळचं तुला सांगायचं राहिलं. दोन दिवस पुरे झाले होते. ताप अठ्ठ्याण्णव. मी उशाशी बसलो होतो. तिनं डोळे उघडले, मला खालून वरपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "दाढी करा की. कोण मेलंय?" मग भाकरी आणि ठेचा मागितला. मी पेज पुढं केली, ती तिनं परत सरकवली. जिंकलो ग, रक्षिता. त्या ठेच्याइतकं गोड मी आयुष्यात काही बघितलं नाही.

त्याच दिवशी अजून ताप न उतरलेल्या तेरा बायका परत बोलावल्या. मागच्या खोलीला पडदा लावला, दीक्षानं एकेकीला नीट तपासलं. आठ जणींना खपल्या. एकीच्या काखेत, दोघींच्या छातीखाली, बाकीच्या कमरेला. तेराही जणींना गोळ्या दिल्या. आज तेराही जणी आपल्या पायांनी चालत येऊन सांगून गेल्या की ताप उतरला. कोल्हापूरला पाठवलेल्या रक्ताचा निकालही तोच आला.

आता माझं मागणं. तुझ्या पेटीत तिसरं उत्तर पाहिजे. होय आणि नाही, एवढ्यानं भागत नाही. बेचाळीस वेळा जिथं 'नाही' लिहिलंय तिथं खरं उत्तर होतं, 'पाहिलं नाही'. यंत्र चुकलं नाही. मी न बघितलेलं त्याला बघितलं म्हणून सांगितलं आणि त्यानं माझ्यावर विश्वास ठेवला. बाळाबाईनंही ठेवला होता.

तुझा मामा,
रुद्राप्पा


कळंबा
२८ ऑक्टोबर १९९९

ती. मामा,
शरणु.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि मग मेजरसाहेबांना वाचून दाखवलं.  ते म्हणाले, "असं पत्र लिहायला पलटणीतसुद्धा कुणाची छाती होत नसे."

पण सगळा दोष तुम्ही एकट्यानं घेऊ नका. दोनच उत्तरं मी ठेवली होती आणि वर त्याचा टेंभा मिरवला होता. 'गोंधळाला जागाच ठेवली नाही' म्हणे! न बघितलेल्याला जागा ठेवली नाही, हे मला कळलंच नाही. दीक्षानं तरी काय दाबायचं होतं?

सोबतच्या फ्लॉपीत नवी पेटी आहे. आता ३ दाबला की 'पाहिलं नाही'. तसं उत्तर आलं की पेटी त्या रोगाचं दार बंद करत नाही, उघडं ठेवते आणि दर वेळी पडद्यावर आठवण करते. शिवाय सत्ताविसाव्या प्रश्नाच्या आधी नवा प्रश्न आहे: 'काजूचं काम करता का?' उत्तर होय आलं तर ती सांगते, हाता-पायांचे डाग सोडा. काख, छातीखाली, कंबर, जांघ बघा. हा नियम पुस्तकात नव्हता. तो आजऱ्याचा आहे. नियम देणाऱ्याच्या रकान्यात मी लिहिलंय: डॉ. रुद्राप्पा, नर्स दीक्षा कांबळे, शिवगंगामामी.

आणि ऐका! परवा कॉलेजात मी हे सगळं मांडलं. मोठमोठे डॉक्टर बसले होते. आधी दोघे-तिघे गालात हसत होते. बेचाळीस केसेसचा कागद आणि नंतरचा तेरा जणींचा कागद शेजारी शेजारी ठेवला, तेव्हा हसू थांबलं. गडहिंग्लजहून आणि चंदगडहून पेटीची मागणी आलीय. मी खोलीवर येऊन एकटीच नाचले. घरमालकीण विचारत होती, लग्न ठरलं का!

रक्षिता


आजरा
९ ऑक्टोबर २०००

पुट्टी,

या खेपेला सगळं पत्र माझं. तुझ्या मामांना मी ता. क. पुरतं ठेवलंय.

दसरा झाला. खंडेनवमीला शेडमधल्या काजू फोडायच्या यंत्रांची पूजा मांडली. दवाखान्यातून मामा हातात स्टेथोस्कोप घेऊन आले आणि म्हणाले, "हेही ठेव." मी म्हटलं, "आणि सासू?" तर ते आणि दीक्षा दोघं मिळून पेटी उचलून घेऊन आले! झेंडूची माळ घातली. गेल्या साली जे तिच्याशी बोलायला तयार नव्हते, ते तिच्यापुढं वाकून नमस्कार करत होते. बायका तोंडाला पदर लावून हसल्या. मी तर उघड हसले.

यंदा पण ताप आला ग. गवत आहे तोवर किडा आहे. पण गवत कापून आलं की सगळ्याजणी आधी अंघोळ करतात, कपडे उकळतात. तरीही अठ्ठावन्न जणांना ताप आला, तेवीस खपल्या सापडल्या, आणि यंदा गावातून एकसुद्धा बाई गेली नाही. एकसुद्धा नाही! हे मी दोनदा लिहिलं, तू दोनदा वाच.

दीक्षाची खोली वेगळी झाली. पडदा जाऊन पक्की भिंत आली, आतून कडी. बायका आपणहून आत जातात. माझ्या कमरेचा डाग मी शेडमध्ये सगळ्यांना दाखवलाय. लाज कसली? मी त्यातून वाचलेय.

मामांनी एक गोष्ट केली ती तुला सांगणार नाहीत. गेल्या सालचे सगळे कागद काढून बसले आणि बेचाळीसही जणांच्या सत्ताविसाव्या उत्तरावर स्वतःच्या हातानं 'पाहिलं नाही' लिहून खाली सही केली. बाळाबाईच्या कागदावरची शाई पसरलीय. तो कागद घेऊन ते अंबूबाईच्या घरी गेले आणि तिला वाचून दाखवला.  तिनं नुसतं पाणी दिलं. परत आले तेव्हा मला म्हणाले, "माझ्याकडं यापुढं ती येणार नाही औषधाला. तिचा हक्कच आहे."

पुट्टी, काल सकाळी दवाखाना भरलेला. अंगावर घोंगडं घेतलेली, तापानं फणफणलेली अंबूबाई दारात उभी. बाकावरच्यांनी तिला वाट दिली. ती सरळ आत गेली, पेटीपुढं बसलेल्या तुझ्या मामांच्या हातावर हात ठेवून त्यांचं टायपिंग थांबवलं आणि अख्ख्या आजऱ्याला ऐकू जाईल अशी ओरडली,

"थांबा डाक्टर! आदी बघा, मग लिवा!"

आणि दीक्षाच्या खोलीत गेली. खपली सापडली. आज ताप उतरलाय.

तुझी मामी,
शिवगंगा

ता. क. बघितलं, मग लिहिलं. — मामा